खारं पाणी कुठून आलं

एकाच माणसाची दोन वाक्यं माझ्या वहीत आहेत. दोन्हींच्या मध्ये साधारण अडीच वर्षं गेली.

पहिलं 2021 मधल्या एका ग्रामसभेतलं: "समुद्र वाढतो, समुद्र वाढतो म्हणून आम्हाला घाबरवतात. शंभर वर्षांत वीतभरसुद्धा वाढलेला नाही. या शास्त्रज्ञांची पोटं त्याच्यावर चालतात."

दुसरं 2023 च्या डिसेंबरातलं, देवळाच्या मंडपात: "हे क्लायमेट चेंज आहे. समुद्रच वर आला, त्याला संघटना काय करणार? या शेतात आता भात होणार नाही. पडीक म्हणून लिहून द्या आणि मोकळे व्हा."

माणूस तोच, खात्री तीच. गावात त्यांना सगळे वकीलबाब म्हणतात, मीही तसंच म्हणणार आहे. हवामानशास्त्रावरचा संशय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतल्या तेल कंपन्या येतात. मला तो गोव्यात, पेडण्यातल्या एका मानशीच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधातल्या झडपेच्या, दारात अडकलेला सापडला. त्या गोंधळात माझाही हात होता, तेही पुढे येईल.

जागा

गाव शापोरा नदीच्या काठी, पेडण्याच्या बाजूला. नाव देत नाही. माणसं ओळखीची आहेत आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पुन्हा भेटायची आहेत. भरतीचं पाणी नदीतून बरंच आतपर्यंत येतं. काठाने मातीचा बांध आणि बांधाच्या आत खाजन, म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली भातशेती. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर जमीन आहे. चिखल, पेंढा आणि चिरे रचून ती पिढ्यान् पिढ्या समुद्राकडून उसनी घेतलेली आहे.

बांधात पाणी आत-बाहेर करायला जी दारं असतात ती मानस. लाकडी दारं, आणि त्यांची करामत उभं राहून पाहण्यासारखी. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा ती आपोआप मिटतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून नदीला जातं. वीज नको, माणूस नको. पावसाळ्याचे पहिले मोठे पाऊस जमिनीतलं मीठ धुऊन काढतात, ते धुवण मानशीतून बाहेर पडतं आणि मग कोरगुट भात पेरतात. कोरगुट थोडं खारं सोसतं. थोडंच. भात कापून झालं की उन्हाळ्यात मुद्दाम दारं उघडी ठेवून खारं पाणी आत घेतात, मासे आणि सुंगटं (कोळंबी) वाढवतात. म्हणजे खारं पाणी इथे पाहुणाच आहे, फक्त वेळेवर यायला आणि वेळेवर जायला हवं.

मानशीत जाळं लावून मासे धरायचा हक्क दरवर्षी पावणीला निघतो. पावणी म्हणजे लिलाव. ज्याची बोली मोठी त्याची मानस. आलेला पैसा कुळांच्या संघटनेच्या खात्यात जातो आणि त्यातून बांधाची डागडुजी व्हायची असते. पूर्वी हे भाटकार (जमीनदार) आणि गावकार (गावचे मूळ हक्कदार) बघत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे आलं, वर मामलेदाराची देखरेख. व्यवस्था कागदावर उत्तम आहे. पण सभासद कुणी मुंबईत, कुणी बोटीवर. सभेला येतात ते बारा-पंधरा म्हातारे आणि पावणी घेणारा.

2023 चा पावसाळा

ऑगस्टमध्ये नदीकडच्या शेतांतलं रोप बिघडायला लागलं. पानांची टोकं आधी पिवळी, मग कागदाची कड जळावी तशी तपकिरी. आबा (वय 78, गावातले सगळ्यात जुने नांगरधारी) मला बांधावरून खाली घेऊन गेले, वाकून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकले. "आषाढात गोडं व्हायला हवं होतं. हे चैत्रातलं पाणी आहे." मीही चाखून पाहिलं. पेजेत चुकून दोनदा मीठ पडावं तसं लागलं.

गणपतीपर्यंत त्या पट्ट्यातलं भात गेलंच.

मी तेव्हा एका प्रकल्पासाठी खाजनांची पाहणी करत होतो. पैसे देणारी संस्था बाहेरची, प्रकल्पाच्या नावातच 'हवामान बदल' हे शब्द. डिसेंबरात संघटनेची सभा झाली, तिला मलाही बोलावलं होतं. 'भाई, तुम्ही अभ्यासाचे लोक, तुम्ही सांगा' असा रिवाज असतो. मी सांगितलं. समुद्रपातळी, उपग्रह, वादळं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर गेलं तेव्हा बांधाचा एक तुकडा खचला होता, त्याचा फोटो दाखवला. माझं झाल्यावर वकीलबाब उठले आणि माझ्याच बोलण्यावर कळस चढवल्यासारखं ते दुसरं वाक्य बोलले. पावणीवाला मागे खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "होय तर. समुद्रच."

तिघांचं एकमत झालं आणि मला बरं वाटलं. आता आठवलं की कानशिलं तापतात. हवामान बदल मानायला लावणं हे माझं काम होतं, आणि ज्यांना ते मानवत नव्हतं ते माझ्या बाजूने बोलत होते! का बोलत होते, हा प्रश्न त्या दिवशी फक्त आबांच्या चेहऱ्यावर होता. ते काही न बोलता चपला घालून निघून गेले.

वकीलबाबांचा हिशेब

खाजनाला लागून थोडी चढाची मरड जमीन आहे. तिथे एका बाहेरच्या पक्षकाराला नदीकाठचं रिसॉर्ट बांधायचं आहे आणि त्याचं काम वकीलबाब पाहतात. हे गुपित नाही, त्यांनी ते कधी लपवलंही नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून वाहता झाला आणि पेडण्यातल्या जमिनीचा भाव काय झाला ते इथल्या कुणालाही विचारा.

आता कायदा पाहा. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेप्रमाणे भरतीच्या नदीकाठी 100 मीटर किंवा नदीची रुंदी, यांतलं जे कमी तेवढ्यात बांधकाम नाही. त्याच अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांना वेगळं संरक्षण होतं आणि 'धोका रेषा' नावाची एक गोष्ट होती: लाटा, भरती, किनाऱ्याची झीज आणि समुद्रपातळीची वाढ धरून आखायची रेषा. 2019 च्या अधिसूचनेने नदीकाठचे 100 मीटर 50 वर आणले आणि धोका रेषेला नियमनातून बाहेर काढलं. ती रेषा आता आपत्ती व्यवस्थापनासाठी वापरायची, परवानगी अडवायला नाही. पण ही नवी अधिसूचना प्रत्यक्षात यायला नवा किनारी आराखडा लागतो. 2021 मध्ये गोव्यात जनसुनावण्या चालल्या होत्या त्या 2011 च्या आराखड्यावर. तेव्हा 'समुद्र वाढत नाही' हे वाक्य किती मीटर जमिनीचं होतं, ते लक्षात येईल.

आणि 2023 मध्ये? भातशेतीची जमीन बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर त्याच वर्षी गोव्यात कायद्याने बंधन आलं. शेत हिरवं असेल तर भांडायला शेतकरी असतो. खारावून पडीक पडलं की तो म्हणतो, जाऊ दे. समुद्र वाढला म्हणून शेती मेली, हे वाक्य तेव्हा उपयोगाचं होतं.

मी वकीलबाबांना खोटारडे म्हणत नाही. पक्षकाराची बाजू मांडणं हा त्यांचा धंदा आहे, आणि माणूस तीस वर्षं तेच करत आला की जी बाजू मांडायची ती त्याला आतून पटायलाही लागते. मला वाटतं 2021 मध्ये ते मनापासून बोलले आणि 2023 मध्येही मनापासूनच. ढोंगी माणसाशी निदान एकांतात बोलता येतं. मनापासून बोलणाऱ्याची तीही सोय नसते.

त्यांचे मुद्दे रद्दीतले नव्हते

ग्रामसभेत त्यांनी तीन मुद्दे मांडले होते. ते तेव्हा मी हसण्यावारी नेले. नंतर एकेक तपासले.

पहिला मुंबईचा. अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीची नोंद होते, आणि तिथली वाढ वर्षाला एक-सव्वा मिलिमीटरच्या आसपास आहे, असं ते म्हणाले. बरोबर आहे. गंमत अशी की हा आकडा त्यांना कुठल्यातरी अमेरिकन व्हिडिओत मिळाला, पण तो मुळात आपल्या दोनापावलचा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी 2007 मध्ये उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरच्या जुन्या नोंदी तपासल्या. वर्षाला 1.06 ते 1.75 मिलिमीटर, सरासरी 1.29. शंभर वर्षांचं गणित केलं तर खरंच वीतभर होत नाही. पण ही लांब काळाची सरासरी आहे. 1993 पासून उपग्रह मोजतात, आणि याच उन्नीकृष्णन यांनी सहकाऱ्यांबरोबर 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर हिंदी महासागरासाठी तो वेग वर्षाला 3 मिलिमीटरच्या वर निघाला. जगाची सरासरी 1901 ते 1971 मध्ये 1.3, 2006 ते 2018 मध्ये 3.7. आजोबा, बाप आणि नातू यांच्या पगारांची सरासरी काढून नातवाला सांगायचं की तुझा पगार फारसा नाही, तसला हा हिशेब. आकडा खरा, पण नातवाचा नाही.

मात्र याच हिशेबाने माझंही नाक कापलं. वर्षाला 3 मिलिमीटर म्हणजे वीस वर्षांत 6 सेंटिमीटर. तीन बोटं. आमच्याकडे उधाणाला भरती-सुकतीतला फरक सुमारे दोन मीटरचा. दर उधाणाला दोन मीटर सोसणारी मानस तीन बोटांनी एका पावसाळ्यात हरेल कशी? समुद्र वाढतोय हे खरं असूनही या शेताचं या वर्षीचं मरण त्यातून निघत नव्हतं. वकीलबाबांचा 2021 चा संशय त्यांच्या 2023 च्या श्रद्धेपेक्षा कामाचा होता.

दुसरा मुद्दा पोटाचा. शास्त्रज्ञ पैशासाठी भीती विकतात. सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञाचा पगार वेतन आयोगावर ठरतो, समुद्र चढला काय आणि उतरला काय. पण प्रकल्पाचा निधी, अर्जातले शब्द, मथळे यांचा ओढा असतो, नाही कसं म्हणू? तो ओढा मोडायला शास्त्रात एकच गोष्ट आहे: दुसऱ्याला खोटं पाडलं तर नाव होतं. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्यूलर यांना तापमानाच्या नोंदींवर भरवसा नव्हता. त्यांनी 2010 च्या सुमारास सगळ्या नोंदी मुळापासून पुन्हा तपासायला घेतल्या, आणि त्यांच्या देणगीदारांत तेलाच्या धंद्यातल्या चार्ल्स कोक यांच्या नावाचं प्रतिष्ठानही होतं, 1,50,000 डॉलर देऊन. 2012 मध्ये म्यूलर यांनी जाहीर केलं की जमिनीचं तापमान 250 वर्षांत सुमारे दीड अंश वाढलं आहे आणि जवळजवळ सगळं माणसामुळे. पैसा एका बाजूचा होता, उत्तर दुसऱ्या बाजूचं आलं. मोजणी चोख असली की असं होऊ शकतं.

तिसरा मुद्दा हिमालयाचा. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) 2007 च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होऊ शकतील असं छापलं होतं. चूक, आणि साधीसुधी नव्हे. आपल्याकडे भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी 2009 च्या सरकारी टिपणात हिमनद्यांच्या या घाईबद्दल शंका घेतली, तेव्हा समितीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी तिला 'जादूटोण्याचं शास्त्र' म्हणून उडवून लावलं. जानेवारी 2010 मध्ये समितीला चूक मान्य करावी लागली. वकीलबाब हे सांगताना खुशीत येतात, आणि यायलाच हवं. फक्त एवढं लक्षात घ्यावं की 2035 ची चूक पकडली ती हिमनद्यांवर चालणाऱ्या माणसांनी. हिमनद्या आटताहेत हेही तीच माणसं सांगतात.

वाक्यांचा प्रवास

वकीलबाबांना कुठल्या तेल कंपनीने दमडी दिलेली नाही, ही गोष्ट स्वच्छ आहे. पण 'अजून नक्की नाही', 'शास्त्रज्ञांतच वाद आहे', 'हे सगळं निधीसाठी' ही त्यांची वाक्यं पेडण्यात उगवलेली नव्हती.

1969 मध्ये अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहिलं होतं की संशय हाच आपला माल आहे. ते वाक्य पुढे कोर्टकज्ज्यांत उघडं पडलं. 1989 मध्ये तेल, कोळसा, मोटारी यांच्या धंद्यांनी मिळून हवामानाच्या प्रश्नावर एक मंडळ काढलं, ते 2002 पर्यंत चाललं. 1998 मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने जमवलेल्या गटाचा एक आराखडा फुटला. त्यात विजयाची व्याख्याच दिली होती: सामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातल्या अनिश्चितता 'समजल्या' की आपण जिंकलो. समुद्र वाढत नाही असं सिद्ध करायची गरजच नव्हती. 'अजून वाद आहे' एवढं रुजलं की झालं. आणि आत काय चाललं होतं? एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी 1977 ते 2003 या काळात केलेले तापमानाचे अंदाज 2023 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात तपासले गेले. त्यांतले 63 ते 83 टक्के बरोबर निघाले.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र शेल या तेल कंपनीची वाटते. 1989 मध्ये या कंपनीने उत्तर समुद्रातल्या आपल्या वायूच्या फलाटाची उंची, समुद्र चढेल म्हणून, आराखड्यातच एक-दोन मीटरने वाढवली. वर सांगितलेल्या त्या मंडळाची ती 1998 पर्यंत सभासद होती.

पंचायतीत रिसॉर्टचा नकाशा ठेवला होता, तो मी नंतर पाहिला. नदीकडच्या खोल्यांचं जोतं कमरेइतकं उंच धरलेलं. नकाशा 2021 चा. कनिष्ठ अभियंत्याला विचारलं, एवढं उंच कशाला? तो म्हणाला, "पाणी येतं ना हो वर." त्याला ग्रामसभेतलं भाषण माहीत नव्हतं.

बांबू

माझा अहवाल फेब्रुवारी 2024 मध्ये तयार झाला. मराठी प्रत मी संघटनेला दिली. मथळा होता 'समुद्रपातळीवाढीमुळे खाजनाचं क्षारीकरण'. आबांच्या नातीने तो त्यांना दोन संध्याकाळी वाचून दाखवला. तिसऱ्या दिवशी आबांचा निरोप आला, येऊन जा.

"भाई, यात मानस कुठे आहे?"

मानस तेविसाव्या पानावर होती. देखभालीचा अभाव, अशा दोन शब्दांत.

"समुद्र पहिल्या पानावर आणि मानस तेविसाव्यावर. समुद्र काय तेवीस पानं चालत आला?"

मी म्हणालो, समुद्र वाढतोय हे तर खरं आहे ना. ते म्हणाले, असेल, मी कुठे नाही म्हणतो, मला तुमचं ते क्लायमेट-बिमेट कळत नाही. पण पाणी एका वाटेने येतं. वाट दाखव.

वाट दाखवता येत नव्हती, कारण मी मोजलीच नव्हती. मी मासे कोण धरतो हे विचारलं नव्हतं, दाराला हात लावून पाहिला नव्हता. प्रकल्पाच्या नावात समुद्र होता म्हणून मथळ्यात समुद्र आला. वकीलबाबांना मीटर मिळत होते, मला पुढचा प्रकल्प मिळेल अशी आशा होती. मथळ्यातलं विधान खोटं नव्हतं, फक्त ते त्या जागेचं नव्हतं.

मग पुढच्या पावसाळ्यात, भात उभं असताना, आम्ही दोन बांबू रोवले. एक मानशीच्या बाहेर नदीत, एक आत. दोन्हींवर तांबड्या ऑइल पेंटने सेंटिमीटरच्या खुणा. आबांचा नातू दहावीत, त्याने आणि मी अमावास्येपासून अमावास्येपर्यंत आळीपाळीने नोंदी घेतल्या. टोपी, टॉर्च, प्लास्टिकच्या पिशवीत वही. चौथ्या-पाचव्या दिवशीच चित्र दिसायला लागलं. दारं नीट मिटत असती तर भरतीला आतला बांबू हलायला नको होता, पावसाने चढला तर चढला. पण बाहेर पाणी चढलं की आतही चढत होतं, ठरलेल्या वेळाने मागोमाग, कोरड्या दिवशीसुद्धा.

एका पहाटे सुकतीला नातू मानशीत उतरला. उजव्या दाराच्या बिजागरीत ट्रकच्या टायरचा दुमडलेला तुकडा होता. त्यावर शेवाळ चढलेलं, कडेला बारीक कालवं बसलेली. म्हणजे काल-परवाचा नव्हे. त्यामुळे दार चार बोटं उघडं राहत होतं. चार बोटं, दिवसातून दोन भरत्या, अख्खा पावसाळा.

पावणीवाल्याने नाकारलं नाही. "दार आपटतं, लाकूड फुटतं, म्हणून घातला." असेलही. पण गोव्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात आणि त्या दिवसांत म्हापशाला चणक मासा आणि सुंगटं काय भावाने जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. खारं पाणी आत खेळतं राहिलं की मासळी राहते. वर्षभराच्या पावणीचा पैसा त्या दोन महिन्यांत निघतो. शेताला खारं नको असतं नेमकं तेव्हाच मासळीला ते हवं असतं, आणि बोली मासळीवर लागते. संघटनेलाही मोठी बोली हवीच होती. दारात कुणी वाकून पाहत नव्हतं ते उगीच नाही.

इथे प्रकरण संपलं असतं तर वकीलबाबांचं 2021 चं वाक्य जिंकलं असतं. पण नोंदवहीत आणखी दोन रात्री आहेत. ऑगस्टातल्या उधाणाच्या. त्या रात्री बाहेरच्या बांबूवरचं पाणी तौक्तेत खचलेल्या तुकड्याच्या माथ्याच्या वर गेलं आणि बांधावरून पातळ चादरीसारखं आत सरकलं. आबा टॉर्च धरून उभे होते. त्यांच्या वडिलांनी मानशीच्या चिऱ्यावर छिन्नीने एक रेघ मारलेली आहे, मोठ्या उधाणाची. पाणी तिच्या वर होतं. एका रेघेवरून शास्त्र होत नाही, ती कुठल्या वर्षीची हेही कुणाला आठवत नाही. पण तीन बोटांचा अर्थ मला तिथे कळला. अर्ध्या हंड्यात तीन बोटं पाणी वाढलं तर कळतही नाही, काठोकाठ भरलेला हंडा मात्र सांडतो. बांध खचला नसता तर त्या रात्रीही पाणी आलं नसतं. तो तीन वर्षं तसाच राहिला, कारण पावणीचे पैसे आधी जत्रेच्या मंडपाला आणि मग बँकेत गेले.

नदीत रात्री रेती काढणाऱ्या होड्या फिरतात, त्यांनी बांधाचा पाया किती पोखरला ते बांबूने मोजता येत नाही. ते मी अहवालात तसंच लिहिलं.

नंतर

अहवाल पुन्हा लिहिला. पहिल्या पानावर दार, मग बांध, मग समुद्र, आणि समुद्राखाली आकडे. पैसे देणाऱ्या संस्थेला पाठवताना छाती धडधडत होती. मथळा बदलल्याचं स्पष्टीकरण मी दीड पान लिहिलं होतं. त्यांनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. बहुधा पहिलाही कुणी वाचला नव्हता. ज्या दडपणाखाली मी समुद्राला पुढे काढलं ते निम्मं तरी माझ्याच डोक्यातलं होतं.

टायर निघाला, दारं नवी बसली, खचलेला तुकडा आबांच्या हट्टाने जुन्या माथ्यापेक्षा वीतभर उंच बांधला. वीतभर का, विचारलं तर म्हणाले, "पाणी वर येतं ना."

2025 ची पावणी मंडपातच झाली. बोली आधीपेक्षा बरीच उतरली आणि दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. घेणारा तोच. अटी लिहून द्यायला वकीलबाबांना सांगितलं होतं. त्यांनी फुकट लिहून दिल्या, आणि चोख. जून ते ऑक्टोबर दारांत काही घालायचं नाही, खारं आत आलं तर नुकसानभरपाई. शेवटची अट त्यांनी वाचली: नैसर्गिक कारणाने पाणी आत आल्यास पावणीदार जबाबदार राहणार नाही.

आबा म्हणाले, "नैसर्गिक म्हणजे काय ते लिहा."

वकीलबाब म्हणाले, "नैसर्गिक म्हणजे समुद्र."

"कुठल्या समुद्राचं बोलता? मागच्या खेपेचा, की त्याच्या आधीचा?"

मंडपात हशा झाला, वकीलबाबही हसले. मग दोन तास कुणी हसलं नाही. दिवे लागणीला ठरलं ते असं: बाहेरच्या बांबूवर एक रेघ मारायची. पाणी तिच्या वर गेलेल्या दिवशी खारं आत आलं तर तो समुद्र. खाली असताना आलं तर ते दार. नोंद नातू ठेवणार, पावणीवाल्याने महिन्याला सही करायची.

दुसऱ्या दिवशी सुकतीला सगळे बांधावर जमलो. रंगाचा डबा पावणीवाल्याने आणला होता. रेघ कुठे मारायची, यावर भरती लागेपर्यंत वाद चालला.